मन चिंती ते

मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुजावरसरांच्या हातात दिली.

बस सोनखिंडीच्या घाटात होती, चढावर, अगदी वळणाच्या तोंडाशी. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला बुटका कठडा आणि कठड्यापलीकडं नुसतं ऊन.

"काय झालं? ब्रेक लागंना?" सरांनी विचारलं.

"ब्रेक चांगलाय."

"मग गाडी कशाला थांबवली? वळणावर गाडी उभी करतात का, खिलारेबाई? खालनं ट्रक आला म्हणजे? चला, टाका पहिला गिअर. मी आहे शेजारी."

"तुम्ही शेजारी असून काय उपयोग सर? चाक माझ्या हातात आहे."

 मी दार उघडून खाली उतरले.  कठड्याकडं न बघता बसच्या पुढून वळसा घालून डोंगराच्या बाजूला गेले आणि खडकाला पाठ लावून बसले. बसमध्ये आम्ही शिकाऊ बायका होतो, सगळ्या एस.टी.त ड्रायव्हर म्हणून निवडलेल्या. खिडक्यांतून त्यांची तोंडं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, चक्कर आली असंल, लिंबू हाय का कुणाकडं.

वैजयंता कोळेकर तेवढी खाली उतरली. प्रशिक्षण केंद्रात माझी तिची खाट शेजारी होती. जतकडची, मेंढरामागं वाढलेली, अंगानं दणकट. तिनं आधी चाकांमागं दगड लावले, मग माझ्याकडं आली.

"पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग असं का तोंड झालंय?"

"वैजू, मी गाडी दरीत घातली असती."

"घातली न्हाईस की."

"घातली असती. अजून एक वळण घेतलं असतं तर घातली असती."

सर तिच्या मागं येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं. तीस-बत्तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस, पण त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. ते स्वतः चाकावर बसले, आम्हाला आत यायची खूण केली आणि खिंडीत गाडी वळवून खाली आणली. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

माझे मालक, हणमंत खिलारे, एस.टी.त ड्रायव्हर होते. आमचं गाव माण तालुक्यातलं. घरात आम्ही दोघं, मुलगी गौतमी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. एका सकाळी मालक डबा घेऊन निघाले. मी उंबऱ्यात उभी होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं एक चित्र आलं. रस्त्याकडेला कलंडलेली गाडी, फुटलेल्या काचा आणि त्यात मालकांचा हात. मी मान झटकली आणि पीठ मळायला बसले. दुपारी डेपोतून माणूस आला. समोरून येणाऱ्या ट्रकचा टायर फुटला होता आणि ट्रक सरळ गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूवर आला होता. प्रवासी वाचले. मालक गेले.

लहानपणी आई आम्हाला बजावायची, वाईट बोलू नये, वाईट मनात आणू नये. घरात वास्तू असते आणि ती सारखी तथास्तु म्हणत असते. आपल्या मनात वाईट यायला आणि तिनं तथास्तु म्हणायला एक गाठ पडली, की झालं. मालकांना दारात आणलं तेव्हा मला आईचे हे शब्द आठवले. दुसरं काही आठवलं नाही, रडूही आलं नाही. बायका म्हणत होत्या, हिला रडवा, नाहीतर हिच्या डोक्यावर परिणाम होईल. मी कशी रडणार? ज्यानं केलं त्यानंच रडायचं, हे मला जमेना.

आत्याबाईंना सगळं कळलंय अशी माझी खात्री झाली. त्या दिवसापासून त्या माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. मी वाढलेलं ताट त्या घ्यायच्या, पण मान खाली घालून. काही सांगायचं असलं तर गौतमीमार्फत सांगायच्या, "तुझ्या आईला म्हणावं, पाणी आलंय." आईला पोराचं कळतंच, मी मनात म्हणायचे. त्यांनी कधी एका शब्दानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

पुढं मालकांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी मिळायची वेळ आली. कार्यालयात बसायचं काम मिळत होतं. पण मी माहेरी ट्रॅक्टर चालवायचे, हात बसलेला होता, आणि पगारात फरक होता. मी ड्रायव्हर व्हायचं ठरवलं. गावानं तोंडात बोट घातलं. आत्याबाई काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सुरुवातीला मी केंद्रात सगळ्यांच्या पुढं होते. मैदानात गाडी उलटी घ्यायची, अरुंद जागेतून काढायची, क्लच अर्ध्यावर धरून चढाला उभी करायची, हे सगळं मला इतरांच्या आधी जमलं. मुजावरसर बाकीच्यांना म्हणायचे, "खिलारेबाईंचा पाय बघा, इंजिनाला कळू देत न्हाईत गिअर बदलला ते." घरी मला कुणी शाबासकी दिलेली नव्हती. सरांची ही शाबासकी मी रोज उशाला घेऊन झोपायचे.

मग घाट सुरू झाला.

पहिल्याच दिवशी एका वळणावर माझ्या मनात आलं, फिरव. एवढंच. कानाला काही ऐकू आलं नाही, कुणी बोललं नाही. माझाच विचार होता, माझ्याच बोलीतला. चाक उजवीकडं फिरव. एवढंसं फिरवलं की झालं. माझ्या तळहाताला असा घाम सुटला की चाक निसटेल असं वाटलं. मी वळण घेतलं, गाडी वर नेली, सर "छान" म्हणाले, आणि मी हसलेसुद्धा. पण मालकांच्या वेळचं आठवलं. मनात आलं की होतं. आता माझ्या मागं नुसता एक माणूस नव्हता, गाडीभर बायका होत्या, आणि उद्या गाडीभर प्रवासी असणार होते.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनं गेले. विचार येऊच द्यायचा नाही. वळण दिसलं की दात आवळायचे आणि शंभू महादेवाचं नाव घ्यायचं. नाव घेता घेता मधेच आत डोकवायचं, गेला का विचार? डोकावलं की तो तिथं असायचाच. मग पुन्हा नाव. तोवर वळण अंगावर यायचं, गिअर खरखरायचा, मागच्या बायका पुढं आपटायच्या. सर म्हणायचे, "बाई, हॉर्न? वळणावर हॉर्न कोण देणार?" मी हॉर्न विसरायचे, आरसा विसरायचे. येत होतं तेसुद्धा हातून जायला लागलं. ज्या बायकांना मी गिअर शिकवला त्या पुढं गेल्या. रस्ता माझ्यासमोर असायचा, पण मी रस्त्याकडं बघतच नव्हते. मी माझ्या मनावर पहारा देत होते.

शेवटी एकदा धीर करून मी सरांना अर्धवट बोलले. "सर, गाडी चालवताना वाईट विचार येतात."

"सगळ्यांना भ्या वाटतं सुरुवातीला," ते म्हणाले. "मन पक्कं करा. वाईट विचार मनात आणायचाच न्हाई. काढून टाकायचा."

चांगल्या मनानंच बोलले ते. पण मी ते असं ऐकलं, की बाकीच्यांना काढता येतो आणि मला येत नाही. म्हणजे माझं मनच नासकं आहे.

त्यानंतरच्या सुट्टीला मी घरी गेले. गौतमी तेल आणि कंगवा घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. "आई, आजी ओढून घालती. तू घाल वेणी." मी तिचे केस मोकळे केले. तिची मान माझ्या दोन्ही हातांत होती, एवढीशी, घामानं ओली. आणि मनात जे आलं ते मी आजही लिहीत नाही. मी कंगवा टाकला आणि बाहेर गेले. आत्याबाई दारात होत्या. "पोरीची वेणी घाला," एवढं म्हणून मी पिशवी उचलली. केंद्रात जादा तास आहे असं खोटं सांगितलं आणि दुपारच्याच गाडीनं निघाले. गौतमी अर्धे केस मोकळे घेऊन स्टँडपर्यंत पळत आली. "माझं काय चुकलं का?" ती विचारत होती. मी खिडकीची काच लावून घेतली.

म्हणजे आता घाटाचाही संबंध राहिला नव्हता. ज्याच्यावर माझा जीव, त्याच्यावरच माझं मन उठत होतं. नवरा खाल्ला, आता पोरीची पाळी. गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं, गौतमीला फलटणला भावाकडं ठेवायचं आणि आपण तिच्यापासून लांब राहायचं. जितकं लांब जाता येईल तितकं लांब. त्यानंतरच्याच आठवड्यात मी ती बस घाटात उभी केली.

केंद्रावर परत आल्यावर मुजावरसरांनी मला कडुनिंबाखाली बोलावलं. दोन खुर्च्या होत्या, पण ते उभेच राहिले.

"बाई, तुम्ही मघाशी म्हणालात ते खरंय का?"

"हो."

"मुद्दाम घालणार होता?"

"मुद्दाम नाही सर. पण मनात येतं. आणि माझ्या मनात येतं ते होतं."

"असं कसं होईल?"

"झालंय."

त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "मला हे वर कळवावं लागंल. माझ्यावर जबाबदारी आहे. गाडीत पोरी बसलेल्या असतात."

"कळवा."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. कुणाचा जीव जाण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी."

मी खोलीत आले आणि पिशवी भरायला घेतली. फार काही नव्हतं. वैजयंता दारात येऊन उभी राहिली.

"कुठं निघालीस?"

"जाते."

"घरी?"

"घरी कशी जाणार? घरी पोरगी आहे."

"मग कुठं?"

मी साडीची घडी करत होते, ती घडी काही केल्या सरळ होईना. वैजयंतानं दार आतून लावलं आणि दाराला टेकून खाली बसली.

"शशे, मी मेंढरातली बाई हाय. जनावर कळप सोडून एकटं चालायला लागलं का आम्हाला कळतं. इकडं बघ. कुठं निघालीस?"

तिच्या त्या बोलण्यानं मी हातातली साडी खाली ठेवली. मी म्हणाले, "मी नसले म्हणजे कुणाला काही होणार नाही. हिशोब सोपा आहे. गौतमी नीट वाढेल. आत्याबाईंना माझं तोंड बघावं लागणार नाही. मी खूप विचार केलाय वैजू. दुसरा उपाय नाही."

ती ओरडली नाही, रडली नाही, मला देवाची शपथ घातली नाही. उठली, माझी पिशवी घेऊन तिच्यावर स्वतः बसली आणि खिडकीतून हाक मारली, "सर! अहो मुजावरसर! हिकडं या, आत्ताच्या आत्ता!"

ती संध्याकाळ दोघांनी मला एकटं सोडलं नाही. सरांनी घरून त्यांच्या बायकोला बोलावून घेतलं. त्या माउलीनं काही न विचारता मला खिचडी भरवली. मी नको म्हणत होते आणि त्या घास पुढं करत होत्या. सर बाहेर व्हरांड्यात फोनवर कुणाकुणाशी बोलत होते. आत येऊन म्हणाले, "उद्या सकाळी साताऱ्याला जायचं. मनाच्या डॉक्टर आहेत. माझ्या मेहुण्याला त्यांनी बरा केलाय."

"मी वेडी नाही, सर."

"तो बी न्हवता."

"आणि कळवायचं?"

"ते डॉक्टर काय म्हणतात त्यावर बघू. आधी माणूस, मग कागद."

डॉक्टरांचं नाव आसावरी टिपणीस. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. सर आणि वैजयंता बाहेर बसले. मी ठरवून गेले होते की काही सांगायचं नाही. पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शेवटची नीट झोप कधी लागली होती?" आणि त्या प्रश्नाला उत्तर देता देता मी कुठल्या कुठं गेले. घाट सांगितला. गौतमीची मान सांगितली. शेवटी मालकांचं सांगितलं, जे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. उंबरा, डबा, काचा, हात.

मला वाटलं, आता त्या खुर्ची मागं सरकवतील. त्यांनी नुसता पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला.

"ते चित्र त्या सकाळी दिसलं. त्याच्या आधी कधी दिसलं होतं?"

"आधी?"

"हो. ड्रायव्हरची बायको होतात तुम्ही. त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आलं का?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. आश्चर्य वाटेल, पण खरंच नव्हता. मी आठवू लागले. आदल्या दिवशी? दिसलं होतं. त्याच्या आदल्या दिवशीही. पावसाळ्यात तर जास्तच. गौतमी पोटात होती तेव्हा दिसायचं. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात, ते कामावर निघाले तेव्हाही दिसलं होतं.

"रोज," मी म्हणाले.

"रोज?"

"रोज दिसायचं."

"आणि ते रोज संध्याकाळी काय करायचे?"

मी पेला उचलला, तसाच खाली ठेवला.  डॉक्टरांनी घाई केली नाही.

"परत यायचे," मी म्हणाले.

"इतकी वर्षं तुमच्या मनात रोज आलं आणि रोज खोटं ठरलं. एक दिवस ट्रकचा टायर फुटला. मन तेवढाच दिवस धरून बसलं, बाकीचे सगळे सोडून दिले."

बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. असा राग, की मी टेबलावर हात आपटला. "मग माझ्यामुळं नाही तर कुणामुळं गेले ते? असेच गेले? काही कारण नसताना?"

"हो," त्या हळू म्हणाल्या. "असेच गेले."

तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. मालक गेल्यावर इतक्या दिवसांनी. इतके दिवस मी त्यांची मारेकरी होते. आज त्या खोलीत मी त्यांची विधवा झाले. कसं सांगू, त्यात जास्त दुखलं. मी मारलं असतं तर निदान काहीतरी माझ्या हातात होतं असं झालं असतं. आता हातात काहीच नव्हतं. मालक नव्हते, एवढंच होतं.

पुष्कळ वेळानं डॉक्टर म्हणाल्या, "मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ऐकलीय ना? ती काही तुमच्या एकटीसाठी कुणी केली नाही. सगळ्यांचीच मनं तसली, म्हणून ती म्हण झाली. कड्यावर उभं राहिलं की उडी मारावी असं भल्याभल्यांच्या मनात येऊन जातं. ते हसून सोडून देतात. तुम्ही घाबरता, कारण तुम्हाला वाटतं मनात येणं म्हणजे करणं. आणि घाबरून त्याला हाकलायला जाता. औषध घेताना माकड आठवू नकोस म्हटलं, की माकडच आठवतं."

"पण खरंच केलं तर?"

"ज्याला करायचं असतं तो गाडी उभी करून चावी देत नाही." मग त्या म्हणाल्या, "चला, एक करून बघू. माझ्याकडं बघा आणि मनात म्हणा, या डॉक्टरीणबाई आत्ता खुर्चीवरून पडू देत."

मी दचकले. "नाही, बाई. असलं नका सांगू."

"म्हणा. माझी जबाबदारी."

"तुम्हाला लेकरं असतील."

"दोन आहेत. म्हणा."

मी डोळे गच्च मिटले.  मनात म्हणाले. पुन्हा म्हणा, त्या म्हणाल्या, चांगलं मन लावून म्हणा. मी म्हणाले. डोळे उघडले तर त्या चष्मा पुसत बसल्या होत्या. त्या घटकेला मी हसले की हुंदका दिला, मला सांगता येणार नाही. बाहेर बसलेल्या वैजयंतानं मात्र तो आवाज ऐकून दार ढकललं.

एका दिवसात काही बरं झालं नाही. गोळ्या होत्या, दर आठवड्याला साताऱ्याच्या खेपा होत्या. सरांनी मला सुट्टी मिळवून दिली आणि मागून आलेल्या तुकडीबरोबर पुन्हा उभं केलं. मला विचार हाकलायचा नव्हता, हे शिकायला गाडी शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. घाटात तो यायचा, फिरव. येऊ दे, मी म्हणायचे, आणि हॉर्न द्यायचे.  आज गेली कितीतरी वर्षं मी त्याच रस्त्यानं प्रवासी नेते-आणते. विचार अजून येतो. पावसात जास्त येतो.

पण सांगायचं आहे ते डॉक्टरांकडून निघाल्यावरचं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, केंद्रावर जाऊ नका, चार दिवस घरी राहा, मुलीजवळ राहा. मी तयार नव्हते. वैजयंता सोबत आली. उन्हाची वेळ होती. गौतमी शाळेत होती. आत्याबाई ओसरीत लाल मिरच्यांचा ढीग पुढ्यात घेऊन देठं खुडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला आणि मान खाली घातली. वैजयंता पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली.

मी त्यांच्यासमोर बसले. मिरच्या ओढून घेऊन देठं खुडायला लागले. 

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्ही मला काही बोलत नाही, पण मला माहीत आहे का ते. मी आज डॉक्टरला सांगितलं. आता तुम्हालाही सांगते. ते गेले त्या सकाळी माझ्या मनात आलं होतं. मला डोळ्यांपुढं दिसलं होतं, गाडी पडलेली. मला वाटायचं माझ्याच मनानं त्यांना..."

आत्याबाईंचे हात थांबले.

"तुला दिसलं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजानं मी वर बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. मालक गेल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

"हो."

"तुला कसं दिसंल?" त्या म्हणाल्या. "मला दिसायचं ते. मला! हणमंता डबा घिऊन भायेर पडला की माझ्या जिवाला तेच दिसायचं. त्या दिशी बी दिसलं. मी चुलीपुढं हुते. मी गप बसले. म्हनलं, बोलू ने, बोललं की खरं हुतं." त्यांनी हातातली मिरची खाली टाकली. "मीच खाल्लं गं माझ्या लेकाला. आई असून मनात तसलं आणलं. तुझ्याकडं कुठल्या तोंडानं बघू? पोरीच्या जातीला मी रांडव केलं, आन वर तिच्या हातचं खाती."

 डॉक्टर किती छान बोलल्या होत्या, म्हण सांगितली होती, माकड सांगितलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. एका छपराखाली, एका चुलीवर, आम्ही दोघी इतके दिवस एकमेकींपासून तोंड लपवत होतो. प्रत्येकीला वाटत होतं, मारलं ते मीच.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ते एस.टी.त लागल्यापासून दिसायचं ना तुम्हाला?"

"तवापासनं. रोज."

"मग रोज रातच्याला घरी कोण यायचं?"

त्यांना आधी कळलंच नाही. कपाळाला आठ्या घालून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. मिरचीचाच हात त्यांनी डोळ्याला लावला आणि डोळे वाहायला लागले.

"हणमंताच यायचा की," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण यील?"

"रोज?"

"रोज. चप्पल दारात आडवी टाकायचा. कितींदा सांगितलं, नीट ठेव म्हून." त्यांनी नाक पुसलं. "आन आल्या आल्या, हात न धुता भाकरीच्या टोपल्यात हात घालायचा मेला."

"कांदा फोडून मागायचे," मी म्हणाले.

"बुक्कीनंच फोडल्याला. इळीनं चिरलेला त्याला चालायचा न्हाई."

वैजयंता दारापर्यंत आली होती. आम्हाला बघून ती पाठमोरी झाली आणि पुन्हा आत गेली. आत्याबाई बोलत राहिल्या. मी ऐकत राहिले, मधे मधे सांगत राहिले. गौतमी शाळेतून आली तेव्हाही आमचं चाललंच होतं. ती दप्तर घेऊन अंगणातच थबकली. आजी आईशी बोलतेय, हे तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.